मधली जागा

इंग्रजी शब्दांच्या आठ जाती, त्यांची लक्षणे आणि उदाहरणे ज्यांनी शाळेच्या बाकावर बसून घोकली, आणि पदपरिस्फोट करताना ‘पर्सनल प्रोनाउन, थर्ड पर्सन, सिंग्युलर नंबर, न्यूटर जेंडर’ ही माळ एका दमात ओढली, त्यांस ‘इट’ हा शब्द काय आहे हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. परंतु तो वाक्यात कोठे बसतो असे विचारले, तर त्यांतील पुष्कळांची मती कुंठित होते, आणि यात त्यांचा फारसा दोष आहे असे मला वाटत नाही. व्याकरणाने आम्हांस शब्दांची जात शिकविली, शेजार शिकविला नाही. नेस्फील्डच्या व्याकरणावर एक-दोन पिढ्या पोसल्या, पुढे १९३५ च्या सुमारास रेन आणि मार्टिन यांचे पुस्तक आले आणि त्याने शाळाशाळांतून जो अंमल बसविला तो अद्याप पुरता उठलेला नाही. या ग्रंथांत क्रियापदाचे प्रकरण निराळे, क्रियाविशेषणाचे निराळे, सर्वनामाचे त्याहून निराळे. आणि ही तिन्ही एकत्र आली म्हणजे परस्परांस कशी मागे-पुढे सारतात, कोण कोणास वाट देतो व कोण देत नाही, हा जो रोजच्या बोलण्याचा खरा व्यवहार, त्याची वासलात बहुधा एखाद्या तळटिपेत लागलेली असावयाची.

आमच्या आळीत एक निवृत्त शिरस्तेदार राहात असत. त्यांचे लेखी इंग्रजी असे घोटीव, की कलेक्टर कचेरीतील तरुण कारकून आपले खर्डे तपासून घेण्यासाठी संध्याकाळी त्यांच्या ओटीवर येऊन बसत, आणि ‘इन कंटिन्युएशन ऑफ धिस ऑफिस लेटर’ येथपासून ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ येथपर्यंत त्यांच्या लेखणीस कोठे अडखळण्याचे कारण पडत नसे. एके दिवशी त्यांनी पंख्याकडे बोट दाखवून, कॉन्व्हेंटात जाणाऱ्या आपल्या नातवास ‘स्विच ऑफ इट’ अशी आज्ञा केली.

“आजोबा, ‘स्विच ऑफ इट’ नाही. ‘स्विच इट ऑफ’,” नातू म्हणाला.

“का बरे? ‘स्विच ऑफ द फॅन’ चालते ना?”

“ते चालतं.”

“मग ‘द फॅन’ काढले आणि त्या जागी ‘इट’ घातले. नामाच्या जागी येते ते सर्वनाम, हीच ना त्याची व्याख्या?”

“हो, पण ‘इट’ तिथे नाही चालत.”

“नियम कोणता?”

“नियम नाही हो आजोबा, तसंच म्हणतात.”

“बेकायदा आहे,” असा शेरा मारून शिरस्तेदारांनी पंखा स्वतः बंद केला.

मला त्या वेळी हसू आले खरे. पण पुढे विचार करता वाटू लागले, की त्या वृद्ध गृहस्थाने नेमक्या मर्मावर बोट ठेवले होते. नामाच्या जागी येणे हाच ज्याचा धर्म म्हणून आपण शिकलो, ते सर्वनाम येथे नामाच्या जागी येण्याचे साफ नाकारते. पंखा शेवटी बसू शकतो, मध्येही बसू शकतो. ‘स्विच ऑफ द फॅन’ आणि ‘स्विच द फॅन ऑफ’ ही दोन्ही रूपे इंग्रजास सारखीच मान्य. पण त्याच पंख्याऐवजी ‘इट’ आले, की त्याची जागा क्रियापद आणि त्या चिमुकल्या क्रियाविशेषणाच्या मध्ये ठरलेली, आणि तेथून ते हलावयाचे नाही.

आता असे वाटेल, की चला, एक नियम हाती लागला, पाठ करून टाकू. पण दुसरी वाक्ये आड येतात. डोंगराची चढण कोणी धावत चढून गेला तर इंग्रज म्हणतो, ‘ही रॅन अप द हिल’. हॉटेलात कोणी भरमसाट उधारी करून ठेवली तर म्हणतो, ‘ही रॅन अप अ बिल’. वाक्ये पाहावी तर जुळ्या भावंडांसारखी. शब्दशः पदपरिस्फोट करणारा शाळामास्तर दोहोंस सारखेच गुण देईल. पण नामे काढून सर्वनामे घाला, की फरक उघडा पडतो. डोंगर असेल तर ‘ही रॅन अप इट’, उधारी असेल तर ‘ही रॅन इट अप’. पहिल्या वाक्यात ‘अप’ डोंगरास चिकटलेला आहे. आपल्याकडील शब्दयोगी अव्ययासारखा, ‘डोंगरावर’ यातील ‘वर’सारखा. दुसऱ्यात तो क्रियापदाच्या घरचा झाला आहे. हे नाते नाम असेतो झाकलेले राहते आणि सर्वनाम येताच प्रकट होते. रस्ता सोडून वळणे आणि दिवा मालवणे या दोहोंसही ‘टर्न ऑफ’च, म्हणजे शिरस्तेदारांचे ‘ऑफ इट’ हे रूप अगदीच बेकायदा नाही, ते रस्त्याला चालते, दिव्याला चालत नाही.

याहून मौजेचे, आणि थोडे भीतीदायकही, एक जोडपे आहे. ‘आय सॉ थ्रू हिम’ म्हणजे मी त्याचे पाणी ओळखले, त्याचे ढोंग मला कळून चुकले. आणि ‘आय सॉ हिम थ्रू’ म्हणजे त्याच्या अडचणीच्या काळात मी शेवटपर्यंत त्याच्या पाठीशी उभा राहिलो, त्याला पार पोहोचविले. शब्द तेच चार, काळ तोच, पुरुष तोच. ‘हिम’ एक पाऊल डावीकडे सरकला आणि संशयाची निष्ठा झाली. एखाद्या होतकरू तरुणाने आपल्या उपकारकर्त्या वरिष्ठाविषयी कृतज्ञतेने लिहावयास बसावे, आणि घाईत ‘माय चीफ सॉ थ्रू मी’ असे लिहून जावे, ही शक्यता मला नेहमी भेडसावते. तसेच ‘ही पुट मी अप’ आणि ‘ही पुट अप विथ मी’. पहिल्याचा अर्थ, त्याने मला आपल्या घरी उतरवून घेतले; दुसऱ्याचा, त्याने मला सहन केले. पाहुणचाराचा अनुभव असलेल्यांस ठाऊक असेल, की वस्तुतः ही दोन वाक्ये एकाच मुक्कामाची पूर्वार्ध-उत्तरार्ध असतात.

हे असे का व्हावे? ‘तसंच म्हणतात’ हे नातवाचे उत्तर व्यवहारास पुरेसे, पण जिज्ञासेस पुरणारे नव्हे. माझ्या मते याचे कारण अर्थात शोधण्यापेक्षा आवाजात शोधावे. इंग्रजी वाक्य म्हणजे जुन्या घरची पंगत समजा: ज्याचा मान मोठा आणि जो नव्याने आलेला, त्याचे पान प्रमुख जागी, म्हणजे वाक्याच्या शेवटी; आणि घरचाच, रोजचा, ज्याची ओळख करून देण्याचे कारण नाही असा जो कोणी, त्याने कोठे तरी मध्ये सरकून बसावे. सर्वनाम हा असा घरचा माणूस. ‘इट’ म्हटले म्हणजे ती वस्तू ऐकणाऱ्यास आधीच ठाऊक आहे. तिच्यावर आवाजाचा आघात पडण्याचे प्रयोजन नाही. उलट ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’ हे शब्द दिसावयास लहान, पण वाक्याचा निकाल तेच सांगतात आणि आघातही तेच घेतात. ‘पिक इट अप’ हे कोणा इंग्रजाच्या तोंडून ऐकावे. ‘पिकि’ येथपर्यंत ‘इट’ अर्धवट विरघळून गेलेले असते आणि जोर येतो तो ‘अप’वर. ‘लुक अॅट इट’ यात मात्र जोर ‘लुक’वर पडून पुढचे दोन शब्द त्याच्या मागून फरफटत येतात. आघातहीन सर्वनामास शेवटच्या मानाच्या जागी बसविणे इंग्रजी कानास सोसत नाही. सर्वनामावर मुद्दाम जोर द्यावयाचा असेल, हे नव्हे ते, असे बोट रोखून सांगावयाचे असेल, तर तीच भाषा त्यास शेवटी बसण्याची मुभा देते. यावरून कारण वजनाचेच आहे हे उघड होते.

आघात नसलेले शब्द झिजतात. ‘इट’ हा जुन्या इंग्रजीत ‘हिट’ होता. त्याचा हकार पुढे गळून पडला. ‘पिक एम अप’ यातील ‘एम’ हा ‘देम’चा अशिष्ट अपभ्रंश असे आपण समजतो, पण इतिहास नेमका उलट आहे: ‘दे’, ‘देर’, ‘देम’ ही मंडळी स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांबरोबर इंग्लंडात शिरली आणि स्थायिक झाली, आणि ज्यास आपण गावंढळ म्हणून नाक मुरडतो तो ‘एम’ मूळच्या ‘हेम’ या देशी सर्वनामाचा हकार गमावलेला वंशज आहे. शिष्टांनी लिखाणातून घालविलेला हा जुना वतनदार मधल्या जागेच्या आडोशाने तगून राहिला, याचे मला फार समाधान वाटते.

संस्कृताचा थोडा परिचय असलेल्यास या साऱ्या प्रकारात काहीतरी ओळखीचे दिसू लागते. एका ‘हृ’ धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे परस्परांशी काही संबंध नसलेले अर्थ उपसर्ग कसे खेचून काढतात, हे आपण शाळेत शिकलो. ‘गिव्ह अप’, ‘गिव्ह इन’, ‘गिव्ह आउट’, ‘गिव्ह अवे’ यांतही त्याच जातीचे सामर्थ्य आहे. फरक इतकाच, की आपले उपसर्ग धातूच्या पुढे बसतात, आणि तेही कायमचे. पण पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात, उपसर्ग धातूच्या पूर्वी येतात असे सांगून झाल्यावर, लागोपाठ आणखी दोन सूत्रे घातली आहेत: वेदात ते धातूच्या नंतरही येतात, आणि मध्ये अन्य शब्दांचे व्यवधान पडूनही येतात. म्हणजे ‘पिक’ आणि ‘अप’ यांच्यामध्ये ‘इट’ने येऊन बसावे, या व्यवस्थेत पाणिनीस विलक्षण असे काही वाटले नसते. इतकेच काय, वैदिक ऋचांत आरंभी ‘आ’ उभा, त्याच्या पाठोपाठ ‘त्वा’ हे आघातहीन सर्वनाम, आणि क्रियापद पुढे कोठे तरी, अशी रचना पुन्हा पुन्हा भेटते. ‘मा’, ‘त्वा’, ‘मे’, ‘ते’, ‘नः’, ‘वः’ ही रूपे अनुदात्त असतात आणि पादाच्या आरंभी येत नाहीत, असेही आठव्या अध्यायात त्याने नमूद करून ठेवले आहे. हलक्या सर्वनामास मानाची जागा नाही, हा दंडक इंग्रजांनी काढलेला नव्हे. संस्कृत आणि इंग्रजी ज्या भाषाकुटुंबातल्या, त्यातील ती बरीच जुनी वहिवाट दिसते. आपल्या शाळांत एका तासाला संस्कृत आणि पुढच्या तासाला इंग्रजी शिकविले जात असे, आणि दोन्ही शिक्षक एकाच खोलीत बसून सुपारी कातरीत. तरीही ही गोष्ट त्यांपैकी कोणी आम्हांस सांगितली नाही.

आणि मराठीचे काय? मराठीने उपसर्गांचा हा उद्योग फारसा चालविला नाही. तिने ते काम दुसऱ्या क्रियापदावर सोपविले. ‘ईट अप’ म्हणजे ‘खाऊन टाक’. यात खाणे आहे, टाकणे कोठेच नाही. ‘बोलून बसला’ यात बसण्याचा संबंध नाही, फक्त पश्चात्ताप आहे. मोरो केशव दामले यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांचा जो खल केला आहे तो वाचताना, इंग्रज कोशकारांनी ‘अप’ आणि ‘ऑफ’ यांच्यापायी केलेली यातायात आठवल्याशिवाय राहत नाही. गंमत अशी, की आमच्या या जोडीतही मध्ये बसण्याचा अधिकार हलक्या शब्दांनाच आहे. ‘पुस्तक देऊनच टाक’, ‘खाऊन तर बघ’, ‘लिहून पण झाले’, असे आपण सहज म्हणतो; ‘च’, ‘तर’, ‘पण’ या मंडळींस आत घेण्यास मराठीची हरकत नाही. पण ‘देऊन पुस्तक टाक’ असे कोणी म्हटले तर त्याचे गाव कोणते अशी चौकशी करावी लागेल. सर्वनामास मात्र मराठी या जागी बोलावीतच नाही. ती त्यास सरळ रजा देते. ‘उचल’, ‘दे इकडे’, ‘मला आवडले’, एवढ्यात काम भागते, काय उचलावयाचे ते समोर दिसत असतेच. म्हणूनच आपला मनुष्य इंग्रजी बोलू लागला म्हणजे एक तर ‘इट’ विसरतो, ‘आय लाइक्ड व्हेरी मच’ म्हणतो; किंवा आठवण ठेवून आणतो आणि मग ते आणलेले कोठे ठेवावे हे न कळून दाराशीच ठेवतो. ‘च’चेही असेच. ‘आजच आलो’ यातील ‘च’ हा ज्या शब्दावर जोर त्याच्या पाठीस चिकटतो. सबब आपण ‘आय केम टुडे ओन्ली’ म्हणतो. इंग्रजाचा ‘ओन्ली’ मात्र बहुधा क्रियापदाच्या आधीच जाऊन बसतो, आणि त्याचा रोख कोणावर हे आवाजाने दाखविले जाते. तर्कशुद्धतेच्या नावाखाली त्यास तेथून हलवू पाहणाऱ्यांची फाउलरने १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात चांगली हजेरी घेतली आहे.

सर्वनामाची ही विनम्र वृत्ती कर्माच्याच जागी दिसते असे नाही. थांब्यावर गाडी येताना दिसली की इंग्रज म्हणतो, ‘हिअर कम्स द बस’. क्रियाविशेषण पुढे, क्रियापद त्याच्या मागे, कर्ता शेवटी. कारण बस ही बातमी आहे. पण तिचीच वाट पाहात सारे उभे असले, तर ‘हिअर इट कम्स’. ‘हिअर कम्स इट’ कोणी म्हणणार नाही. टोपी वाऱ्याने उडाली तर ‘ऑफ वेन्ट हिज हॅट’, पण ‘ऑफ इट वेन्ट’. कर्तेपद मिळाले तरी ‘इट’ची सवय सुटत नाही. मात्र ‘सो डू आय’ म्हणताना तेच सर्वनाम ऐटीत शेवटी येऊन बसते: तुम्हांस चहा आवडतो, मलाही. येथे ‘मी’ हीच नवी गोष्ट, म्हणून आघात त्याचा आणि जागाही त्याची. ‘सो आय डू’ म्हटले, की अर्थ अगदी पालटतो. खरेच की, मला तो आवडतो, माझ्या ध्यानात नव्हते!

एवढा बारीक व्यवहार असल्यामुळे परक्यांस तो जड जावा हे स्वाभाविक होते. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदास मागून लागणाऱ्या या अव्ययांची अडचण परकीयांस सर्वांत अधिक भासते हे ओळखून, ती आपण विशेष काळजीने नोंदविली असल्याचे सांगितले आहे. पण या जोडशब्दांस सर्वमान्य नाव मिळावयास जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लोटावी लागली. लोगन पीअरसॉल स्मिथ याने १९२५ साली ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा छापली आणि ती आपणास ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविली असे प्रांजळपणे कबूल केले. पुढे १९३० मध्ये ऑग्डेनने ‘बेसिक इंग्लिश’ नावाची आटोपशीर भाषा काढली. शब्द एकंदर ८५०, त्यांत क्रियापदे अवघी १८. जगातील कोणाही मनुष्याने थोडक्या अवधीत इंग्रजी आत्मसात करावे अशी ती तजवीज होती, आणि १९४३ मध्ये हार्वर्ड येथील भाषणात खुद्द चर्चिलने तिची तरफदारी केली. पण १८ क्रियापदांत संसार चालविणार कसा? तर ‘पुट’, ‘टेक’, ‘गेट’, ‘गो’ यांस ‘इन’, ‘आउट’, ‘अप’, ‘ऑफ’ यांची जोड देऊन. म्हणजे ‘एन्टर’ आणि ‘एक्स्टिंग्विश’ हे जड दिसणारे, पण एकदा पाठ केले की आयुष्यभर इमानाने वागणारे शब्द काढून टाकले आणि त्यांच्या जागी नेमके तेच शब्द भरले, जे परक्या माणसास प्रत्येक वळणावर चकवितात. शब्दसंख्येचा हिशेब कागदावर जमला. ओझे तेवढेच राहिले, फक्त ते मोजणीतून सुटले.

आपल्या शिरस्तेदारांचे इंग्रजी लेखी निर्दोष आणि बोलण्यात बोजड का होते, याचेही उत्तर यात सापडते. कचेरीत काम कधी ‘पुट ऑफ’ होत नाही, ते ‘पोस्टपोन’ होते. कोणी चौकशी ‘लुक इन्टू’ करीत नाही, ‘इन्व्हेस्टिगेट’ करतो. लॅटिनपासून निघालेली ही क्रियापदे एकसंध असतात, त्यांच्या पोटात कोणी शिरत नाही, त्यांच्या मागे ‘इट’ निर्धास्त लावावे. ‘पोस्टपोन इट’ यात चुकण्यास जागाच नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यापासून जे इंग्रजी आम्ही अंगी बाणविले ते बव्हंशी निबंधांचे, निवाड्यांचे आणि अहवालांचे. स्वयंपाकघर, अंगण, खेळाचे मैदान यांतील इंग्रजी आमच्या वाट्यास आलेच नाही. त्याबद्दल मला खंत वाटते असे नव्हे. कचेरीच्या इंग्रजीने आमच्या पिढ्यांचा चरितार्थ चालविला, आणि दरख्वास्तीत ‘पुट इट ऑफ’ लिहिणारा कारकून मीही नापासच केला असता. पण भाषा बोलावयाची तर तिच्या हलक्या शब्दांशी सलगी हवी, आणि ती कोशातून होत नाही.

पुस्तकांच्या दुकानांत आज ‘फ्रेझल व्हर्ब्ज’च्या याद्यांची पुस्तके ढिगाने मिळतात, डाव्या बाजूस इंग्रजी जोडी, उजव्या बाजूस मराठी अर्थ. शिक्षक त्या पाठ करवून घेतात आणि परीक्षेत रिकाम्या जागाही भरून घेतात. या सर्वांस माझी विनंती एवढीच, की यादीतील प्रत्येक जोडी सर्वनामासकट शिकवावी: ‘लुक आफ्टर’ एवढेच न सांगता ‘लुक आफ्टर हिम’, ‘लुक अप’ न सांगता ‘लुक इट अप’, ‘रिंग’ आणि ‘अप’च्या मध्ये ‘हर’ आणि ‘वेट फॉर’च्या मागे ‘हर’, आणि ती फळ्यावर लिहून न थांबता वर्गाकडून मोठ्याने, आघातासह, म्हणवून घ्यावी. पुस्तक बदलण्याचे कारण नाही, जादा तास लागत नाही, आणि यासाठी कोणत्याही खात्याची मंजुरी घ्यावी लागत नाही.